ट्रान्सॲटलांटिकचे पहिले दोन अल्बम : ‘एसएमपीटीई’ सरस की ‘ब्रिज अक्रॉस फॉरएव्हर’?

खर्जसप्तक (धागाकर्ता)

ट्रान्सॲटलांटिक या बॅंडचे पहिले दोन अल्बम दोन वर्षांच्या आत आले. ‘एसएमपीटीई’ २००० साली आला आणि ‘ब्रिज अक्रॉस फॉरएव्हर’ २००१ च्या ऑक्टोबरात. दोन्हींत माणसे तीच आहेत आणि सीडीत मावेल तेवढे संगीत ठासून भरण्याची हौसही तीच आहे. तरीही दोन्ही लागोपाठ ऐकले की आपण दोन निराळ्या बॅंडांचे काम ऐकतो आहोत असे मला दर वेळी वाटते. हा फरक कशाने पडला याविषयीचे माझे मत इथे मांडतो. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी ते सविस्तर खोडून काढावे.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्पॉक्स बियर्डचा नील मोर्स कीबोर्ड आणि मुख्य गायनासाठी, ड्रीम थिएटरचा माईक पोर्टनॉय ड्रम्सवर, मॅरिलियनचा पीट ट्रेवावस बेस गिटारवर आणि स्वीडनच्या द फ्लॉवर किंग्जचा रॉयने स्टोल्ट गिटारवर, असा हा चौघांचा संच आहे. गिटारसाठी आधी फेट्स वॉर्निंगच्या जिम मॅथिऑसचा विचार झाला होता, पण ते जुळून आले नाही. मॅथिऑस आला असता तर हा बॅंड मेटलकडे झुकला असता, असे मला वाटते. स्टोल्ट आल्यामुळे सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा (लांब, अनेक भागांच्या रचना करणाऱ्या रॉक संगीताचा) वारसा सांगणारे तिघे आणि त्यांना मागून रेटणारा एक मेटलचा ड्रमर असा मजेशीर तोल साधला गेला. पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९९९ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्क राज्यातल्या मिलब्रुक येथे झाले. त्याचे नाव चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून जुळवलेले आहे आणि ध्वनी व चित्र यांचा मेळ घालण्यासाठी स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या टाइमकोडचेही तेच नाव आहे.

आता मूळ मुद्दा. पहिल्या अल्बमवर मोर्सची छाप इतकी गडद आहे की तो बराचसा ‘मोर्सची गाणी आणि ती वाजवणारे तीन नामवंत वादक’ अशा स्वरूपाचा झाला आहे. एकतीस मिनिटांचे ‘ऑल ऑफ द अबव्ह’ ऐका. त्याचा आराखडा, त्यातल्या चाली आणि शेवटी संथ होत होत चढत जाणारा ‘अनडाइंग लव्ह’ हा भाग, हे सगळे स्पॉक्स बियर्डच्या श्रोत्यांच्या ओळखीचे आहे. ते वाजवले गेले आहे मात्र विलक्षण मोकळेपणाने. ‘ऑक्टोबर विंड्स’ या भागात वादक इतके सैल सुटतात की गाणे कुठे चालले आहे याची त्यांना फिकीर नसावी असे वाटते, आणि तरीही ते पुढच्या भागात अचूक येऊन पोचतात. ‘वी ऑल नीड सम लाइट’ हे साधे, गुणगुणण्याजोगे गाणे आहे, तर ‘मिस्टरी ट्रेन’ सुटसुटीत आणि थोडेसे तिरकस. सव्वासोळा मिनिटांचे ‘माय न्यू वर्ल्ड’ मात्र स्टोल्टचे आहे आणि तिथे अल्बमची हवाच पालटते. शेवटी प्रोकोल हॅरमच्या १९६८ सालच्या सतरा मिनिटांच्या रचनेचे सादरीकरण येते. म्हणजे एकतीस मिनिटे मोर्सची, सोळा स्टोल्टची, सतरा तिसऱ्याच बॅंडची आणि मधे दोन छोटी गाणी. हा हिशेब मांडला की हा अल्बम वस्तुतः एक संकलन आहे, हे ध्यानात येते.

दुसऱ्या अल्बमसाठी हेच चौघे २००१ च्या सुरुवातीला नॅशव्हिल परिसरात जमले आणि या वेळी रचनेचे काम बरेचसे एकत्र बसून झाले. मधल्या काळात ते अमेरिकेत एकत्र मंचावर वाजवून आले होते. एकमेकांना कुठे जागा द्यायची आणि कुठे आडवे जायचे हे त्यांना उमगले होते. अल्बममध्ये चारच गाणी आहेत: पावणेसत्तावीस मिनिटांचे ‘ड्युएल विथ द डेव्हिल’, साडेचौदा मिनिटांचे ‘स्वीट शार्लट पाइक’, साडेपाच मिनिटांचे शीर्षकगीत आणि सुमारे अर्ध्या तासाचे ‘स्ट्रेंजर इन युवर सोल’. दुसऱ्याची रचना एकही नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या गाण्यांमधली वीण. ‘ड्युएल’चा पहिला भाग ‘मदरलेस चिल्ड्रन’ हा ‘शार्लट पाइक’च्या शेवटी पुन्हा येतो, आणि तोही त्या गाण्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या धुनेला चिकटून. ‘लॉस्ट ॲण्ड फाउंड’ या वाद्यप्रधान भागाचा पहिला तुकडा ‘शार्लट पाइक’मध्ये आहे आणि दुसरा ‘स्ट्रेंजर’मध्ये. शार्लट पाइक हे नॅशव्हिलमधल्या एका रस्त्याचे नाव आहे, त्यामुळे या गाण्याला पहिल्यापासूनच एकत्र बसून केलेल्या वाजवण्याचा, थोडा रांगडा असा बाज आहे. त्या रांगड्या वाजवण्यात ‘ड्युएल’ची गंभीर धून शिरते तेव्हा दोन्ही गाण्यांचे वजन बदलते. पहिल्या अल्बममधले कोणतेही गाणे बाजूला काढले तरी उरलेली गाणी जशीच्या तशी उभी राहतात. दुसऱ्यातले एक काढून पाहा, दुसरे लंगडे पडते.

म्हणून अल्बम या दृष्टीने मी दुसऱ्याला सरस मानतो. पण या एकजिनसीपणाची किंमत स्टोल्टने मोजली आहे. ‘माय न्यू वर्ल्ड’सारखी पूर्णपणे त्याच्या स्वभावाची रचना दुसऱ्या अल्बममध्ये नाही आणि तिची उणीव मला भासते.

विषममात्रा

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. धून परत आणणे हे तुम्ही फार मोठे कसब म्हणून मांडले आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये ते सर्वांत सोपे आणि सर्वांत वापरून गुळगुळीत झालेले तंत्र आहे. पंचवीस मिनिटांनी ओळखीचा सूर कानावर पडला की श्रोता सुखावतो, आणि त्या सुखालाच तो रचनेची खोली समजतो. शिवाय ते तंत्र पहिल्या अल्बममध्येही आहेच. ‘ऑल ऑफ द अबव्ह’ची सुरुवात ‘फुल मून रायझिंग’ने होते आणि शेवटही त्याच्याच पुनरावृत्तीने होतो. मग दुसऱ्या अल्बममध्ये नवे काय घडले? तेच तंत्र दोन-तीन गाण्यांवर पसरले, एवढेच.

माझ्या मते पहिल्या अल्बमचे बळ नेमके तुम्ही ज्याला दोष म्हणता त्यातच आहे. चार अनुभवी वादक पहिल्यांदाच एका खोलीत जमले आहेत आणि प्रत्येक जण उरलेल्या तिघांना अजमावतो आहे, हे त्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. पोर्टनॉय काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त वाजवतो आणि ट्रेवावस त्याच्याशी झटापट करतो. दुसऱ्या अल्बममध्ये सगळे कसे जागच्या जागी बसले आहे. मला ती सफाई थोडी बेतीव वाटते, विशेषतः ‘ड्युएल’च्या शेवटी समूहगान येते तेव्हा. तिथे भावना श्रोत्यावर लादली जाते.

खर्जसप्तक

एका गाण्याच्या पोटात धून परतणे आणि गाणे संपून दुसरे सुरू झाल्यावर ती परतणे, यांत मी फरक करतो. ‘ऑल ऑफ द अबव्ह’मध्ये ‘फुल मून रायझिंग’ परत येणार हे आपल्याला ठाऊकच असते. एवढे लांब गाणे सुरुवातीच्या धुनेवर येऊनच संपणार, अशी या संगीतप्रकाराची रीत आहे. ‘शार्लट पाइक’च्या शेवटी ‘मदरलेस चिल्ड्रन’ येईल अशी अपेक्षा मात्र कोणीही केलेली नसते, कारण ते गाणे मुळात वेगळ्या जातकुळीचे आहे. हलक्याफुलक्या, बीटल्सच्या वळणाच्या गाण्यात आधीच्या गाण्यातला शोक शिरतो. तिथे सुखावण्यापेक्षा दचकायलाच अधिक होते, निदान मला तरी.

समूहगानाबद्दल तुमच्याशी निम्मा सहमत आहे. तिथे मोर्सला मोह आवरलेला नाही. पण त्याच गाण्यात तंतुवाद्यांनी होणारी संथ सुरुवात आणि नंतर येणारा सॅक्सोफोन यांची योजना नेमकी आहे. पहिल्या अल्बममध्ये असे बाहेरचे रंग जवळजवळ नव्हतेच.

तळटीप

या दोघांच्या वादाला थोडी ऐतिहासिक चौकट देतो, कारण पहिला अल्बम संकलनासारखा आणि दुसरा एकसंध हा प्रकार ट्रान्सॲटलांटिकने शोधून काढलेला नाही.

इमर्सन, लेक ॲण्ड पामर यांचा १९७० चा पहिला अल्बम पाहा. त्यात बार्टोक आणि यानाचेक यांच्या रचनांवर बेतलेली दोन गाणी आहेत, इमर्सनच्या कीबोर्डसाठी राखलेली एक लांब रचना आहे, पामरच्या ड्रम्ससाठी ‘टॅंक’ आहे आणि लेकचे ‘लकी मॅन’ आहे. तिघांनी आपापले ठेवणीतले जिन्नस आणून मांडावेत तसा तो अल्बम आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘टार्कस’मध्ये एलपीची पहिली बाजू एकाच वीस मिनिटांच्या रचनेने व्यापली आहे आणि तिथे हे तिघे प्रथमच एक बॅंड म्हणून ऐकू येतात. ‘टार्कस’ची दुसरी बाजू पुन्हा विस्कळीत आहे हे मान्य, तरी दिशा तीच आहे.

उलट उदाहरणेही आहेत. यूके या बॅंडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये वेटन, ब्रुफर्ड, जॉबसन आणि होल्ड्सवर्थ असे चौघे होते. १९७९ च्या ‘डेंजर मनी’पर्यंत ब्रुफर्ड आणि होल्ड्सवर्थ बाहेर पडले होते आणि ड्रम्सवर टेरी बोझिओ आला होता. तिथे दोन अल्बमांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या संचांची तुलना करणे होय. एशिया या बॅंडच्या बाबतीत संच कायम राहिला, पण १९८२ च्या पहिल्या अल्बमला अमेरिकेत अफाट यश मिळाले होते आणि १९८३ च्या ‘अल्फा’वर त्या यशाचे दडपण जाणवते, गाणी अधिक गुळगुळीत झाली आणि स्टीव्ह हाऊच्या गिटारला वाव कमी मिळाला.

सुपरग्रुपचा (नामवंत बॅंडांतल्या वादकांनी मिळून काढलेल्या बॅंडचा) दुसरा अल्बम पहिल्याच संचाने, यशाच्या दडपणाविना आणि मधे एकत्र दौरा करून मग केलेला असणे, हा योग दुर्मीळ आहे. ट्रान्सॲटलांटिकला तो लाभला, एवढे तरी मान्य करावे लागेल. एरवी अशा बॅंडांतल्या प्रत्येकाचा जीव आपापल्या मूळ घरात अडकलेला असतो. याच चौघांकडे पाहा: २००१ मध्ये मॅरिलियनचा आणि फ्लॉवर किंग्जचाही नवा अल्बम आला होता.

मंद्र

बेस गिटारचा उल्लेख वर ओझरता झाला आहे. तो मला अपुरा वाटतो, कारण या दोन अल्बमांतला सर्वांत मोठा बदल तिथेच झाला आहे.

मॅरिलियनमध्ये ट्रेवावस गाण्याच्या तळाशी राहून वाजवतो. तिथे गायक आणि गिटार यांना पुढे ठेवून आपण पाया सांभाळायचा, अशी त्याची भूमिका असते. ‘ऑल ऑफ द अबव्ह’मध्ये त्याचा बेस एकदम पुढे आणून ठेवला आहे, आवाजात करकर आहे आणि धून तोच चालवतो आहे. मॅरिलियनच्या श्रोत्याला हा माणूस असेही वाजवू शकतो याचे आश्चर्य वाटावे, असे ते वादन आहे. पण पहिल्या अल्बममध्ये ते पाहुण्याच्या उत्साहाने केल्यासारखे वाटते. स्टोल्टच्या ‘माय न्यू वर्ल्ड’मध्ये तो पुन्हा आपल्या जुन्या जागी जातो.

‘ड्युएल’ आणि ‘स्ट्रेंजर’मध्ये मात्र बेस हा रचनेचा भाग आहे. पोर्टनॉय मात्रांची मोडतोड करत असतो तेव्हा ट्रेवावस त्याच्या प्रत्येक ठोक्याला ठोका देत बसत नाही. तो सरळ चालीने जातो आणि ड्रमरला त्याच्याभोवती खेळू देतो. त्यामुळे दुसऱ्या अल्बममधले अवघड मात्रांचे भागही श्रोत्याला अडखळवत नाहीत. विषममात्रा ज्याला सफाई म्हणून नाक मुरडत आहेत ती यातून आली आहे, आणि तिला मी बेतीव म्हणणार नाही.

चौथीओळ

मला एवढी लांब गाणी ऐकण्याची सवय नाही. यांपैकी कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी?

मंद्र

पहिल्या अल्बममधले ‘वी ऑल नीड सम लाइट’ आणि दुसऱ्याचे शीर्षकगीत ही दोन छोटी गाणी आधी ऐका. दुसरे बहुतांशी पियानो आणि आवाज यांवरच उभे आहे. त्यानंतर थेट ‘शार्लट पाइक’ ऐकावे. ते लांब आहे, पण त्यात सारखे काहीतरी घडत राहते. ‘स्ट्रेंजर’ सर्वांत शेवटी.

दुसरीबाजू

प्रोकोल हॅरमच्या रचनेला धाग्यात फक्त ‘तिसऱ्याच बॅंडची सतरा मिनिटे’ एवढीच जागा मिळाली आहे, त्याबद्दल तक्रार नोंदवतो.

‘इन हेल्ड ट्वॉज इन आय’ ही १९६८ च्या ‘शाइन ऑन ब्राइटली’ अल्बममधली रचना पुढे येणाऱ्या सगळ्या लांबलचक प्रोग्रेसिव्ह गाण्यांच्या पूर्वजांपैकी एक आहे. तिच्यात गंभीर निवेदन आहे, ज्ञानाच्या शोधात दलाई लामांकडे गेलेल्या यात्रेकरूला मिळणारे विनोदी उत्तर आहे, वाद्यांचा गोंधळ आहे आणि शेवटी भव्य समाप्ती आहे. पहिल्या अल्बमच्या शेवटी ती वाजवून हे चौघे आपली वंशावळ सांगतात. सुरुवातीला स्वतःची एकतीस मिनिटे आणि शेवटी ज्यांच्यापासून ही तऱ्हा सुरू झाली त्यांची सतरा मिनिटे, ही मांडणी मुळीच सहज झालेली नसावी. धागाकर्त्यांचा संकलनाचा आरोप त्यामुळे मला ढिला वाटतो.

अर्थात सादरीकरण म्हणून ते मूळ रचनेच्या फार जवळून जाते, हेही खरे. मूळ ध्वनिमुद्रणातली ओबडधोबड भीती त्यात नाही. एवढे कसलेले वादक ती रचना वाजवतात तेव्हा तिच्यातला धोका निघून जातो. अल्बमची मूळ गाणी सुमारे तासाभराची आहेत. तेवढीच ठेवून ही रचना वेगळ्या चकतीवर दिली असती तरी चालले असते. दुसऱ्या अल्बमच्या वेळी नेमके तसेच केले: ज्या आवृत्तीबरोबर जादा चकती मिळत असे तिच्यात पिंक फ्लॉइडच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’चे सादरीकरण होते. अल्बमला धक्का लागला नाही आणि हौसही भागली.

तळटीप

वंशावळीचा मुद्दा योग्य आहे, आणि त्याला जोडून एक गोष्ट सांगतो. २००१ च्या नोव्हेंबरात नेदरलॅंड्समधल्या टिलबर्ग येथे झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढे ‘लाइव्ह इन युरोप’ या नावाने आले. त्या दौऱ्यात पेन ऑफ सॅल्व्हेशनचा डॅनियल गिल्डनलोव पाचवा माणूस म्हणून गायन, गिटार आणि इतर वाद्ये सांभाळत होता. तिथे ‘शार्लट पाइक’मध्ये त्यांनी बीटल्सच्या ‘ॲबी रोड’मधले तुकडे गुंफले आणि गाणे अर्ध्या तासाच्या आसपास नेले. सांधे कुठेही खटकत नाहीत. पूर्वजांना मानवंदना देण्यासाठी आता त्यांना स्वतंत्र रचना वाजवावी लागत नव्हती. स्वतःच्या गाण्यात त्यांना जागा करून देता येत होती.

या दोन अल्बमांतला फरक मला या एका गाण्याच्या दोन रूपांतून सर्वांत चांगला कळला.

विषममात्रा

टिलबर्गचे ध्वनिमुद्रण मीही ऐकले आहे आणि ते उत्तम आहे. पण त्याच मैफलीत ‘माय न्यू वर्ल्ड’ ऐका. मंचावर ते गाणे मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा मोठे होते, आणि दुसऱ्या अल्बमच्या दौऱ्यात ते कार्यक्रमात ठेवावेसे वाटले हेही बोलके आहे. स्टोल्टची गिटार मोर्सच्या गाण्यांत सजावट करते. इथे ती कथा सांगते. सूर लांबवून, किंचित उशिरा सोडून देण्याची त्याची जी लकब आहे तिला मोर्सच्या गाण्यांत वेळच मिळत नाही, कारण मोर्सला पुढच्या भागात जाण्याची घाई असते.

आणखी एक. दुसऱ्या अल्बमच्या शब्दांकडे कोणी वळले नाही. एकाकीपण, परतीचा रस्ता, आत दडलेला अनोळखी माणूस अशा प्रतिमा त्यात एवढ्या दाटीने येतात की मोर्सच्या मनात काय चालले होते ते उघड दिसते. २००२ मध्ये त्याने आपल्या ख्रिस्ती श्रद्धेला वाहून घेण्यासाठी स्पॉक्स बियर्ड आणि ट्रान्सॲटलांटिक दोन्ही सोडले. म्हणजे ज्याला आपण ‘चौघांचा अल्बम’ म्हणतो आहोत त्याचा आशय पहिल्या अल्बमपेक्षाही अधिक एकट्या मोर्सचा आहे. संगीत चौघांनी मिळून विणले, पण कशाबद्दल गायचे हे एकट्याने ठरवले.

खर्जसप्तक

हा मुद्दा बिनतोड आहे आणि माझ्या मांडणीत तो बसत नाही, हे मान्य करायला हवे. तरी त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. पहिल्या अल्बमचे शब्द मला कधीच लक्षात राहिले नाहीत. ते चालीसाठी जमवलेले शब्द आहेत. दुसऱ्यात कोणाला तरी काहीतरी सांगायचे आहे आणि त्यासाठी उरलेले तिघे त्याच्या मागे उभे राहिले आहेत. ‘स्ट्रेंजर’मधला ‘स्लाइड’ हा शांत भाग त्यामुळेच मनाला लागतो: त्याच्याआधी बॅंड इतका वेळ गरजलेला असतो आणि तिथे तो एका माणसाला बोलू देतो.

मोर्सच्या जाण्याने बॅंड थांबला, आणि २००९ साली परतला तेव्हा ‘द व्हर्लविंड’ हा अख्खा अल्बम एकाच सलग रचनेचा निघाला. दुसऱ्या अल्बममध्ये गाण्यांच्या सीमा ओलांडून धुना नेण्याचा जो प्रयोग झाला होता, त्यातल्या सीमाच तिथे काढून टाकल्या. तो प्रयोग साधला की फसला, यावर वेगळा धागा काढावा लागेल. विषममात्रा यांनी तो काढावा असे सुचवतो, कारण त्यात स्टोल्टला पुन्हा गाण्यासाठी चांगली जागा मिळाली आहे आणि तिथे ते माझ्यापेक्षा उदार असतील.

विषममात्रा

काढतो. मात्र त्यात धून परत येण्याचे कौतुक करायला बंदी असेल.